दाराबाहेरचा ‘मी’

लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा या घरी आले, तेव्हा आमच्या ह्यांना स्वतःच्याच दारात ताटकळत उभं राहावं लागलं. घरची मंडळी आधीच पोचली होती, आम्ही दोघं मागून आलो. माझ्या हातात पिशव्या, पायात चावणारी नवी चप्पल. ह्यांनी कडी वाजवली. आतून बाईमाणसाचा आवाज आला, “कोण?”

“मी,” हे म्हणाले.

आत चिडीचूप. ह्यांनी पुन्हा कडी वाजवली, पुन्हा “कोण?”, पुन्हा “मी”, आणि पुन्हा तीच शांतता. मग ह्यांनी जीभ चावली आणि ओरडून म्हणाले, “धाकटा! धाकटा आणि त्याची बायको!” तेव्हा कुठे आतला अडसर सरकल्याचा आवाज आला.

दारात माझी थोरली जाऊ उभी. उंच, हाडापेरानं मजबूत, केस घट्ट बांधलेले. माझ्या हातातल्या पिशव्या त्यांनी काढून घेतल्या आणि म्हणाल्या, “तू आता या घरची धाकटी. बाहेरून आलीस की ‘धाकटी’ म्हणायचं. ‘मी’ म्हणायचं नाही. ‘मी’ काय, कुणीही म्हणतं.”

मी मनात म्हटलं, झालं कल्याण! पडले वेड्यांच्या घरात.

पण तुम्हीच विचार करून बघा. दारावर कुणी आलं आणि आपण “कोण?” विचारलं, तर जो तो काय म्हणतो? “मी.” दूधवाला मी, शेजारीण मी, नवरा मी. आवाजावरून ओळखायचं, बस्स. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण आपल्या दाराबाहेर वारा उभा नसतो.

आमच्या घराची गोष्ट वेगळी. गल्लीतलं हे शेवटचं घर. पुढचं दार थेट मोकळ्या मैदानाकडे, आणि वादळ येतं ते त्याच अंगानं. भिंती पक्क्या, पण डोक्यावर पत्रे. वारा सुटला की दाराच्या फटीतून असा काही आवाज येतो की काय सांगू! आधी नुसतं गुणगुणल्यासारखं, मग बारीक, लांबलेलं, “मीऽऽ”. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं खाली पडलं. जाऊबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, “कोण?” थोडा वेळ वाट पाहिली आणि पुन्हा भाजी चिरायला लागल्या. त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, “मला माहेरी पोचवा.” हे हसले, पण त्यांचं ते हसणं काही खरं नव्हतं.

झालं काय होतं ते मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळलं, थोडं ह्यांच्याकडून, थोडं गल्लीतून. माझे थोरले दीर ट्रक चालवायचे. त्या वर्षी मोठं वादळ आलं, तेव्हा ट्रक मैदानापलीकडे झाडाखाली उभा होता. झाड पडलं तर ट्रक गेला आणि ट्रक गेला तर पोटावर पाय, म्हणून ते भर वाऱ्यात निघाले. जाताना जाऊबाईंना म्हणाले, “आलोच. कडी लाव, अडसर घाल, आणि वारा कितीही बोलला तरी दार उघडू नकोस. समोरून वारा आत शिरला ना, तर छप्पर उचलून नेईल.”

घरात तिघं उरली. जाऊबाई, सासूबाई आणि आमचे हे. हे तेव्हा शाळेत जाणारे, कॉटखाली बसवलेले. वादळ ऐन भरात असताना दारावर थाप पडली. जाऊबाई धावल्या, “कोण?” बाहेरून आवाज आला, “मी.” त्यांनी अडसराला हात घातला आणि सासूबाईंनी तो हात धरला. “वारा आहे तो. उघडलंस तर छप्पर जाईल, तो पोरगा जाईल, सगळे जाऊ.” पुन्हा एकदा “मी” ऐकू आलं. मग काही नाही.

वारा पडल्यावर दार उघडलं तेव्हा दीर उंबऱ्यापासून हातभर अंतरावर पडलेले होते. कुठलासा उडत आलेला पत्रा डोक्याला लागला होता. डॉक्टर म्हणाले, लागल्याबरोबर गेले असतील. मग म्हणाले, नसतीलही. डॉक्टरांनी ते दुसरं वाक्य गिळलं असतं तर त्यांचं काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. मेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नव्हता आणि जित्या बाईला ते आयुष्यभर पुरलं.

कारण जाऊबाईंना सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात काढावं लागलं. दाराबाहेर ‘मी’ म्हणाला तो कोण? वारा की नवरा? वारा असेल तर सासूबाईंनी घर वाचवलं. नवरा असेल तर त्या दोघींनी मिळून त्याला दाराबाहेर मरू दिलं. माहेरचे न्यायला आले तर गेल्या नाहीत. “मी गेले तर दार कोण उघडेल?” एवढंच म्हणाल्या. सासूबाई वर्षातून कितीदा तरी, कुणी विचारलेलं नसताना, शून्यात बघत म्हणायच्या, “वारा होता तो.” जाऊबाई त्यावर कधी हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. दोघी ताटाला ताट लावून जेवायच्या, एकमेकींच्या आजारपणात उशापायथ्याशी बसायच्या, पण ही एक गोष्ट त्यांच्यामध्ये तशीच बसून राहिलेली. मला तर कधी कधी वाटायचं, या घरात आम्ही मोजून जेवढी माणसं आहोत, त्याहून एक जास्त आहे आणि तो दाराबाहेर उभा आहे.

जाऊबाई ताडपत्रीच्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. जमिनीवर हिरव्या-निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या, बायका गुडघ्यांवर बसून त्यांचे काठ दुमडतायत, मशीनचा खडखडाट, आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास. जिथे मशीनची सुई मोडते तिथे दाभण लागतं, आणि दाभणाचं काम जाऊबाईंचं. काठाला पितळी रिंगा ठोकायच्या, त्यातून दोर ओवायचा. त्यांचे तळहात असे राठ झाले होते की गरम भांडं उचलायला त्यांना फडकं लागायचं नाही. माझी शेंडेफळ लहान असताना रडायला लागली की त्या हातानं पाठ खाजवून घ्यायची आणि गप्प व्हायची.

गल्लीत त्यांना ‘कडीवहिनी’ म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. पण वादळाचे दिवस जवळ आले की हेच लोक त्यांच्या दारात. “वहिनी, काचेला काय लावू?” “वहिनी, सिलिंडर कुठे ठेवू?” आणि बाई सगळ्यांना सगळं सांगायच्या, वर शिव्याही घालायच्या. “नुसती काचेला पट्टी चिकटवून काय होणार, मुंज्या? फळी ठोक, फळी! काच फुटायची ती फुटतेच.” पत्र्यावरून दोर टाकून दोन्हीकडे वाळूची पोती बांधायची. घराशेजारची वाळकी फांदी आधीच तोडायची. कुंड्या, बादल्या, सायकल, जे उडेल ते आत. पाणी भरून ठेवायचं, कारण नंतर नळाला काय येईल ते सांगता येत नाही. मेन स्विच बंद. पोरांनी चपला घालूनच झोपायचं, कारण काचांवर अनवाणी धावता येत नाही. ही सगळी तालीम आमच्याकडे वर्षातून कैकदा व्हायची. जेवायला बसलो की मधेच ओरडायच्या, “वारा!” की आम्ही ताटं सोडून पळायचं. पोरी खिदळत कॉटखाली, सासूबाई काठी टेकत आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, आणि मी? मी चिडत. “जाऊबाई, आमटी निवली!” “निवू दे. जीव निवण्यापेक्षा बरं.”

एका गोष्टीवर मात्र माझं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला, दोनेक हात सोडून, त्यांनी जाड ताडपत्रीचा पडदा लावला. साधा नव्हे, दुहेरी शिवलेला, चारी काठांना रिंगा. भिंतीत, जमिनीत आणि वरच्या लोखंडी तुळईला हूक ठोकून तो तंबूसारखा आवळून बांधायचा. एका बाजूला माणूस वाकून जाईल एवढी चीर, तीही दोरानं बंद होणारी. म्हणजे दार आणि घर यांच्यामध्ये ताडपत्रीची एक अरुंद खोलीच म्हणा ना. कारखान्यात काम संपल्यावर, मालकाकडून कापड आणून, कितीतरी संध्याकाळी बसून त्यांनी तो शिवला होता. वादळाच्या दिवसांत तो बांधायचा, मग घरात यायचं म्हणजे कसरत. मी दळण घेऊन वाकून आत शिरताना एकदा पिशवीच सांडली आणि माझं डोकं फिरलं.

“एवढा अडसर आहे, एवढी कडी आहे, वर हा तंबू कशाला? दार काय पुठ्ठ्याचं आहे का?”

“दारासाठी नाही तो,” जाऊबाई म्हणाल्या.

“मग कशासाठी?”

“लागेल तेव्हा कळेल. पीठ गोळा कर.”

अस्सा राग आला! आणि दुसरं एक कोडं होतं. घराची प्रत्येक फट त्यांनी चिंध्या कोंबून, खिडक्यांच्या काचांना लावतात ती लांबी भरून बुजवली होती. फक्त पुढच्या दाराखालची फट तशीच. वाऱ्याचा तो मेला आवाज तिथूनच यायचा. हे एकदा सिमेंट कालवून बसले होते, तर जाऊबाईंनी पाटीच उचलून बाहेर ओतली. “आवाज आत यायला नको?” म्हणाल्या. हे मुकाट्यानं हात धुवायला गेले. पुढे कुणी त्या फटीचं नाव काढलं नाही.

आमचे हे पाण्याच्या पंपहाऊसवर कामाला. म्हणून पुढे पुढे दाराशी आले की त्यांनी ‘धाकटा’ सोडून म्हणायचं, “पंपवाला.” माझी मोठी लेक “मोठी” म्हणायची आणि शेंडेफळ “शेंडेफळ”. शेजारचे काकासुद्धा शहाणे झाले होते, “शेजार!” म्हणून हाक द्यायचे. माझ्या माहेरचे आले की मात्र दाराबाहेर नुसता गोंधळ. माझा भाऊ एकदा चिडून म्हणाला, “तुमच्या घरात यायचं तर परीक्षा द्यावी लागते.” मी त्याला म्हटलं, “सोपी आहे रे. एक शब्द सोडून काहीही लिही, पास.”

त्या दिवशी सकाळपासून गाडी फिरून भोंग्यावर सांगत होती की वादळ दुपारपर्यंत धडकेल, कुणी बाहेर पडू नये. हे ड्युटीवर. टाकी भरून ठेवल्याशिवाय पंप सोडता येत नाही. फोन केला तर म्हणाले, “मी इथेच थांबतो. इमारत काँक्रीटची आहे, तू माझी काळजी करू नकोस. दार लावून घ्या.” थोड्या वेळानं फोनच बंद पडले. मला हायसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? नवरा काँक्रीटखाली, पोरी डोळ्यांसमोर. मी जाऊबाईंबरोबर पत्र्यावरचे दोर आवळले, पोती बांधली, पडदा हुकांना अडकवला. जाऊबाईंनी एकेक रिंग बोटानं ओढून पाहिली.

दुपारीच अंधारून आलं. मग वारा आला. वादळ काय असतं ते ज्यांनी पत्र्याखाली बसून ऐकलंय त्यांनाच ठाऊक. मैदान ओलांडून येतानाच त्याचा आवाज कळतो, आणि मग दुसरा कुठलाच आवाज उरत नाही. पत्रे दोरांखाली थडथडायला लागले. भिंतीवरून पाणी गळायला लागलं. मी पोरींना कुशीत घेऊन आतल्या खोलीच्या दारात बसले होते. सासूबाई कॉटच्या कडेला. जाऊबाई त्यांच्या ठरलेल्या जागी, पडद्यापाशी, गुडघे पोटाशी घेऊन. मधूनमधून दाराखालून सुरू होतं, “मीऽऽ, मीऽऽऽ”. शेंडेफळनं कानात बोटं घातली.

आणि दारावर थाप पडली.

फांदी असेल, मी म्हटलं. पुन्हा थाप. जाऊबाई उठल्या, पडद्याच्या चिरीशी तोंड नेलं आणि ओरडल्या, “कोण?”

दाराखालून आवाज आला, “मी.”

आखूड. तुटका. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोण मी?” जाऊबाईंनी विचारलं.

बराच वेळ नुसता वारा. मग, “मी.”

जाऊबाईंनी पडद्याचा दोर सोडायला घेतला आणि मी पोरींना सोडून झेप घेतली. त्यांचा हात धरला. “वारा आहे तो, जाऊबाई! उघडलंत तर छप्पर जाईल. माझ्या पोरी आहेत इथे!” बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की हे शब्द या घरात आधी कुणी उच्चारले होते. मनातल्या मनात सासूबाईंना मी किती वर्षं नावं ठेवली होती! आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून त्यांचीच वाक्यं बाहेर पडली, हातही त्यांच्यासारखाच पुढे गेला.

“आपलं माणूस नाही ते,” मी म्हटलं. “तुम्हीच शिकवलंय ना सगळ्यांना? आपल्यातलं कुणी असतं तर नाव सांगितलं असतं. हे असते तर ‘पंपवाला’ म्हणाले असते. ‘मी’ म्हणतो तो वारा.”

जाऊबाई माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. नाही ओरडल्या. म्हणाल्या, “शुद्धीत असता तर म्हणाला असता. जीव जायला लागला की माणसाला एवढंच आठवतं गं.” आणि माझा हात त्यांनी सोडवला, हळूच, पोर झोपलेलं असताना सोडवतात तसा. “म्हणून तर पडदा शिवला. दार बंद राहावं म्हणून नव्हे. उघडता यावं म्हणून.”

म्हणजे इतकी वर्षं ही बाई फळ्या ठोकत होती, दोर आवळत होती, आम्हाला ताटावरून उठवत होती, ती घर बंद करायची तयारी नव्हतीच. वादळ ऐन भरात असताना एकदा, एकदाच, दार उघडता यावं आणि तरीही पोरांच्या डोक्यावरचं छप्पर राहावं, याची ती तयारी होती. आणि मी त्या पडद्याला तंबू म्हणत होते!

“पोरींना कॉटखाली घाल. मागच्या भिंतीतली झडप उघड, आत शिरलेला वारा तिकडून जाऊ दे. मग ये आणि खांदा लाव. मी ओढून घेईन, तू दार रेट. थांबू नकोस.”

मी ऐकलं. माझ्या मनात लई दया दाटून आली होती म्हणून नाही हं. त्या एकट्यानं उघडणारच होत्या, आणि एकट्यानं उघडलं असतं तर दार पुन्हा लागलं नसतं, हे मला दिसत होतं. म्हणून ऐकलं. पोरींना ढकललं, झडप उघडली, पडद्याच्या आत शिरले. मागे चीर आवळायला कुणी नव्हतं, तर बघते तो सासूबाई. काठी टाकून, दोन्ही हातांनी दोर ओढत होत्या.

अडसर निघाला, कडी निघाली आणि दार आमच्या अंगावर आलं. वारा आत घुसला आणि पडदा असा फुगला की वाटलं, आता भिंतच घेऊन जातो. एक रिंग उडाली, मग दुसरी. वर पत्र्यांनी किंकाळी फोडली. पोरी आतून ओरडत होत्या, “आई! आई!” आणि मी देवाला, सरकारला, जाऊबाईंना, सगळ्यांना शिव्या देत दाराला खांदा लावून उभी. जाऊबाई जमिनीवर पालथ्या पडल्या होत्या. बाहेर हात घालून त्या काहीतरी ओढत होत्या. ते आत आलं. मी दार रेटलं. नाही रेटलं जात. जाऊबाई उठल्या, दोघींनी रेटलं. नाही. मग मागून चिरीतून सासूबाई आत आल्या, एवढीशी म्हातारी, आणि तिनं पाठ लावली. दार लागलं. अडसर पडला.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरचा एक पत्रा गेला होता. बाकीचं छप्पर डोक्यावर होतं.

खाली जमिनीवर आमचे हे होते.

डोकं फुटलेलं, एक हात भलत्याच कोनात, ओठ निळे. पंपाच्या खोलीत पाणी भरलं होतं, मोटार बुडाली, म्हणून ते बाहेर पडले होते. वाटेत काहीतरी लागलं. घरापर्यंत कसे आले ते त्यांना अजून आठवत नाही. स्वतःचं नाव, काम, ‘पंपवाला’, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तर डोळे न उघडता पुन्हा म्हणाले, “मी... मी.” कुणीही न विचारता.

मग मी रडले. गळा काढून रडले. जाऊबाईंनी शांतपणे जखम बांधली, हात फळीला बांधला, कोरडे कपडे आणले. घरात कुठे काय ठेवलंय ते त्यांना अंधारातही माहीत होतं. ह्यांचा श्वास नीट लागला, पोरी त्यांना दोन्ही बाजूंनी बिलगून बसल्या, तेव्हा मी जाऊबाईंकडे वळले. त्यांच्या गळ्यात पडायचं होतं मला. पाय धरायचे होते.

त्या फाटलेल्या पडद्याशी बसल्या होत्या. दाराकडे तोंड करून. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “असाच होता गं.”

“काय?”

“आवाज. अगदी असाच. दोनदा आला, मधे दम घेऊन. वारा दम घेत नाही.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं या बाईकडे निदान एक ‘कदाचित’ होता. कदाचित वारा असेल. रात्री झोप येत नसेल तेव्हा त्याच्यावर डोकं ठेवून त्या पडत असतील. आज माझा नवरा घरात आला आणि त्यांचा तो ‘कदाचित’ बाहेर गेला. माणूस त्या दाराखालून ‘मी’ म्हणतो तेव्हा कसा आवाज येतो, ते आज त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसले. माझा नवरा जिवंत असल्याची मला तेव्हा लाज वाटली, खरंच सांगते.

वादळ उतरणीला लागलं होतं. सासूबाई कॉटवर पडल्या होत्या, अंगावर दोन गोधड्या, तरी कापत होत्या. झोपल्या असतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी हाक मारली.

“थोरले.”

जाऊबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या.

सासूबाईंनी त्यांचा हात धरला. तोच हात, तसाच मनगटापाशी. त्यांचे डोळे जाऊबाईंच्या तोंडावरून हलत नव्हते. इतकी वर्षं जे त्या ठामपणे सांगत आल्या होत्या, ते त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं. आवाज इतका बारीक की मला जेमतेम ऐकू आला.

“त्या दिवशीचा... तो असा नव्हता ना गं?”

म्हातारीनंही ऐकलं होतं. तिच्याही कानांनी आज तो आवाज ऐकला होता, आणि त्या दिवशीचाही. तिनं त्या दिवशी एक मुलगा कॉटखाली ठेवला होता आणि दुसऱ्यासाठी दार उघडू दिलं नव्हतं. जाऊबाईंनी नुसतं खरं सांगितलं असतं तरी त्या घटकेला म्हातारी संपली असती. आणि सांगायचा हक्क जगात कुणाला असेल तर त्यांना होता.

जाऊबाईंनी गोधडी तिच्या खांद्यापर्यंत ओढली, काठ नीट खोचला.

“नाही आई,” त्या म्हणाल्या. “तो वारा होता.”

आजवर कधीच न दिलेला तो होकार त्यांनी दिला, तो वारा नव्हता हे पक्कं कळल्यावर. सासूबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं कापणं हळूहळू थांबलं आणि डोळे मिटले. वारा पडेपर्यंत त्या गाढ झोपल्या होत्या, आणि मनगट त्यांच्या मुठीत होतं म्हणून जाऊबाई तशाच कॉटच्या कडेला बसून राहिल्या.